जुनी गाडी: डीलरची, मालकाची की मधल्याची?

कल्याण सोडलं की लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत बदलापूरला पोचते. या पट्ट्यात गाड्यांच्या पाट्या पाहिल्या तर बहुतेकांवर एमएच ०५ दिसतं, म्हणजे कल्याण आरटीओचं पासिंग. घराचा हप्ता चालू असताना नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही, म्हणून इथला माणूस जुनी गाडी शोधायला लागतो आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, डीलरकडूनच घ्या. चार पैसे जास्त गेले तरी उद्या भांडायला दुकान तरी असेल. दुसऱ्याचं म्हणणं, शेजारच्या सोसायटीतल्या जोशीकाकांची घ्या. गाडी डोळ्यांसमोर वापरली गेलेली आहे.

जोशीकाकांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. बदलापूरचा नोकरदार पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठतो आणि त्याची गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये उभी असते. रविवारी फार तर मुळगावच्या खंडोबाला किंवा मुरबाडकडे एक फेरी. त्यामुळे सात वर्षांच्या गाडीचा मीटर तीस हजारांवर असला, तर इथे ते खरंही असू शकतं. पण पडताळून पाहावं. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०१८ ची, मीटर तीस हजारांचा आणि टायर मात्र २०२३ चे, असं दिसलं तर मूळचे टायर इतक्या लवकर का बदलले, हे विचारायलाच हवं. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल, तर मीटर काहीही सांगो, पायांनी वेगळा हिशेब लिहून ठेवलेला असतो. उभ्या गाडीचेही रोग असतात: बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात. बॉनेट उघडून वायरींवर नव्या चिकटपट्ट्या आहेत का, एवढं बघायला मेकॅनिक लागत नाही.

या भागात आणखी एक तपासणी चुकवून चालणार नाही. ती पाण्याची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे मुंबईकरांना पाठ आहे. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या पुराने त्या वेळी इकडे काय केलं, ते इथल्या लोकांना पाठ आहे. पुढे २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. साऱ्या देशाने ती गाडी पाहिली. त्याच पाण्याने बदलापूर पश्चिमेला नदीकाठच्या इमारतींच्या पार्किंगमधल्या गाड्याही गिळल्या, त्यांच्याकडे कॅमेरे फारसे वळले नाहीत. अशा गाड्यांचं पुढे काय होतं? काही मालक धुऊन-पुसून वापरतात. काही गाड्या विमा कंपनी टोटल लॉस ठरवते. मग त्या भंगार म्हणून लिलावात जातात, कुठल्या तरी गॅरेजात उभ्या राहतात आणि नवा रंग लावून परत रस्त्यावर येतात.

ओळखायच्या कशा? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. वरची पट्टी सगळेच धुतात. गुंडाळीच्या आतल्या शेवटच्या वीतभर भागात चिखलाची रेघ राहून जाते. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघावा, सीटच्या रुळांवर गंज आहे का ते पाहावं, मॅटखाली हात घालावा. आत अत्तराची बाटली जरा जास्तच दरवळत असेल, तर काचा बंद करून दहा मिनिटं बसावं. इंजिन धुता येतं, पण पाण्यात गेलेले सेन्सर आणि कंट्रोल युनिट चार-सहा महिन्यांनी दगा देतात, आणि तोवर विकणाऱ्याचा फोन बंद झालेला असतो.

आता डीलर. उल्हासनगर हे मुळातच व्यापाऱ्यांचं गाव. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ ला वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि लोक आजही पत्ता सांगताना कॅम्प एक ते पाच असंच सांगतात. इथे घासाघीस करणं अपमानाचं मानत नाहीत, न करणं मात्र भोळेपणाचं मानतात. जुन्या गाड्यांच्या दुकानातही तोच कायदा चालतो: सांगितलेली किंमत ही बोलणं सुरू करण्यासाठी असते.

डीलर जास्त पैसे घेतो, हे खरं. त्यात त्याचा नफा असतो, जागेचं भाडं असतं आणि जीएसटी असतो. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत जुन्या गाड्यांवरचा दर सरसकट १८ टक्के ठरला, तेव्हा बरीच ओरड झाली. पण तो कर गाडीच्या पूर्ण किमतीवर नसतो. डीलरने गाडी तीन लाखांना घेतली आणि साडेतीनला विकली, तर कर मधल्या पन्नास हजारांवर, म्हणजे नऊ हजार. साडेतीन लाखांवर १८ टक्के जोडून सांगणारा डीलर भेटला, तर दुसरं दुकान गाठावं. जोशीकाकांनी स्वतःची गाडी शेजाऱ्याला विकली तर जीएसटीचा प्रश्नच नाही.

त्या जादा पैशांच्या बदल्यात मिळतं काय? बिल. बिल असेल तर गिऱ्हाईक ग्राहक ठरतो आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. घरगुती विक्रेता व्यापारी नसतो, त्याच्याविरुद्ध दिवाणी कोर्टाची लांबलचक वाट उरते. म्हणून जो डीलर पक्कं बिल द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडून घेण्यात काही अर्थ नाही. डीलरचे पैसे द्यायचे आणि जोखीम मात्र घरगुती सौद्याची घ्यायची, असा तो व्यवहार होतो.

खरी गोम या दोघांत नाही, तिसऱ्यात आहे. जाहिरातीत ‘मालकाकडून थेट, फर्स्ट ओनर’ असं लिहिलेलं असतं. फोनवर बोलणारा सांगतो, भावाची गाडी आहे, भाऊ दुबईला असतो. गाडी दाखवायला पेट्रोल पंपावर बोलावतो, आणि आरसीवर नाव भलत्याचंच. हा दलाल. मूळ मालकाकडून त्याने मालकी बदलाचे, सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० घेऊन ठेवलेले असतात. गिऱ्हाईक मिळालं की नाव भरायचं, नाही मिळालं तर फॉर्मसकट गाडी पुढच्या दलालाला द्यायची. गाडी चार हात फिरते, कागद जागचा हलत नाही.

हीच फट बुजवायला केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला, तो १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यायचं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-क भरून ऑनलाइन कळवायचं, आणि तिथून पुढे डीलरच त्या गाडीचा मालक मानला जातो. नियम चांगला आहे. मात्र तो गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय दुकानात दिसत नाही, म्हणून दुकानात शिरल्यावर गाडीच्या आधी अधिकारपत्र बघायला मागावं.

विकणाऱ्यांनीही हे ऐकावं, कारण कोऱ्या फॉर्मवर सही करून सुटलो असं समजणारे या पट्ट्यात पुष्कळ आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली गेली होती, आरसीवर नाव पहिल्याचंच होतं, आणि २००९ मध्ये तिने अपघात केला. भरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने सांगितलं, नोंद ज्याच्या नावावर त्याने. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला. त्यातली गाडीही अशीच अनेक हातांतून गेलेली होती, आणि पोलीस आधी पोचले ते कागदावरच्या नावाकडे.

म्हणून घ्यायची तर मालकाकडून घ्या, किंवा अधिकारपत्र असलेल्या डीलरकडून; आरसीवर ज्याचं नाव नाही आणि ज्याच्याकडे अधिकारपत्रही नाही, त्याला टोकनसुद्धा देऊ नका. पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय किल्ली घेऊ नका. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर नवी सुरक्षा नंबरपाटी (एचएसआरपी) बसवलेली आहे का ते बघा, नाहीतर आरटीओत काम अडतं. थकलेले चलान मोबाइलवर दोन मिनिटांत दिसतात. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, आणि जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळेल या भ्रमात राहू नका. तो माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. राज्यातल्या राज्यात गाडी विकली की चौदा दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे, आणि नाव बदलल्याचं परिवहनच्या ॲपवर दिसेपर्यंत दोघांनीही एकमेकांचा नंबर मोबाइलमधून काढू नये.