कोणता संगणक घ्यावा?

(चंद्रपूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



बारावीचा निकाल लागला की चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. लॅपटॉप कोणता घ्यायचा? मग मामा, काका, शेजारचा इंजिनिअर झालेला मुलगा, मोबाईलच्या दुकानातला पोरगा, सगळ्यांची मतं येतात आणि सगळी ठाम असतात. एक म्हणतो, विंडोजशिवाय पान हलत नाही. दुसरा म्हणतो, लिनक्स टाका, पैसे वाचतील आणि व्हायरसची कटकटही जाईल. तिसरा ॲपलखेरीज दुसरं नावच घेत नाही. मला हे वाद मनापासून आवडतात, कारण वाद घालणाऱ्याने निदान यंत्राकडे लक्ष देऊन पाहिलेलं असतं. पण या वादांत प्रोसेसर येतो, रॅम येते, किंमत येते. ज्याच्या हातात ते यंत्र राहणार तो माणूस आणि तो जिथे बसून काम करणार ती जागा मात्र येत नाही. आज मी त्या माणसाच्या आणि त्या जागेच्या बाजूने बोलणार आहे. यंत्र त्याला विचारून निवडलेलं असावं, ते त्याला उघडता आणि दुरुस्त करता यावं, आणि त्यात ठेवलेलं त्याचं लिखाण वीस वर्षांनीही त्याला वाचता यावं, असं माझं म्हणणं आहे.

याच्या उदाहरणासाठी दूर जायची गरज नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे लहान मुलांच्या न्यूमोनियाचा प्रश्न होता. बाळाचे श्वास मोजले तर न्यूमोनिया ओळखता येतो. दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला ६० किंवा अधिक वेळा श्वास घेत असेल, आणि त्याहून मोठं, वर्षाच्या आतलं मूल ५० किंवा अधिक वेळा, तर धोका आहे असं समजायचं. डॉक्टरला हे सोपं वाटतं. एक डोळा घड्याळावर, एक डोळा बाळाच्या छातीवर, आणि मनात आकडे. पण बाळापाशी डॉक्टर नव्हता, गावातली दाई होती. तिची अनेकदा अक्षरओळख नव्हती आणि मोजणी दहा-बाराच्या पुढे जात नव्हती. तेव्हा तिच्यासाठी ‘ब्रेथ काउंटर’ तयार झाला. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी लहान बाळांसाठी, दुसरी थोड्या मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. गावपातळीवर न्यूमोनिया ओळखून तिथेच औषध देण्याच्या गडचिरोलीतल्या या प्रयोगाने बालमृत्यू घटले, हे दाखवणारा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

मी या मण्यांच्या पट्टीला संगणकच म्हणतो. ती माहिती घेते, मोजते, सीमेशी ताडून पाहते आणि उत्तर देते. बनवणाऱ्यांनी आधी दाईचा हात पाहिला, तिला काय येतं ते पाहिलं आणि मग यंत्र आखलं. दाईला साठपर्यंत मोजायला शिकवण्यात वर्षं घालवण्यापेक्षा मोजणीचं ओझं त्यांनी यंत्रावर टाकलं. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांना जे अजून नीट साधलेलं नाही, ते आपल्या जिल्ह्यात तीस-पस्तीस वर्षांपूर्वी साधलं गेलं होतं, आणि याचा मला अभिमान वाटतो.

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण. २०१९ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाईल दिले. २०२१ च्या मार्चमध्ये केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आलं. फोनची रॅम २ जीबी, ॲप जड, आणि त्यातली भाषा इंग्रजी. फोन तापायचा, अडकायचा, बिघडायचा, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मोबाईल वापसी आंदोलन म्हणून आपण ते वर्तमानपत्रांत वाचलं. बहुतेकांनी ते मानधनाच्या बातमीसारखं वाचून सोडून दिलं. माझ्या मते महाराष्ट्रात मोबाईलच्या हार्डवेअरवर इतकी जाणती टीका दुसरी कोणी केलेली नाही. त्या बायका दिवसभर तो फोन वापरत होत्या. रॅम किती कमी पडते, बॅटरी कुठे संपते, मराठी नसल्याने नोंद कुठे चुकते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी तंत्रज्ञान नाकारलं नव्हतं. चालणारा फोन द्या आणि ॲप मराठीत द्या, एवढीच मागणी होती. ॲप सगळीकडे लागू करण्याच्या आधी धानोरा किंवा जिवती तालुक्यातल्या पाच-दहा सेविकांना त्या फोनवर ते महिनाभर वापरायला दिलं असतं, तर हे सगळं आधीच कळलं असतं.

जागेचं म्हणाल तर आपली जागा यंत्रांना कठीण आहे. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. यूपीएसमधल्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंशांना धरून सांगितलेलं असतं, आणि त्यापुढे दर दहा अंशांना ते जवळजवळ निम्मं होतं. म्हणून पत्र्याच्या छपराखालच्या कार्यालयात बॅटरी दीड-दोन वर्षांत बसते आणि दुकानदाराला दोष लागतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, लाईन जाते, टॉवर बंद पडतो. इथे एक गोष्ट बोलून दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. चंद्रपूरपासून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब वाहिनी १९९९ पासून मुंबईकडे वीज नेते आहे. राख आणि धूर आपल्या वाट्याला, आणि लाईन गेली म्हणून अर्धवट राहिलेला ऑनलाइन अर्जही आपल्याच मुलांच्या वाट्याला.

म्हणून डेस्कटॉप की लॅपटॉप या वादात माझं उत्तर ठिकाणाप्रमाणे बदलतं. वीज बेभरवशाची असेल तिथे लॅपटॉप घ्या. त्याची बॅटरी त्याच्या पोटात असते आणि तो वीज कमी खातो, त्यामुळे छोट्या सौर पॅनलवरही भागतं. पण घेताना दुकानदाराला विचारा की रॅम वाढवता येते की बोर्डावरच जोडून टाकलेली आहे, आणि बॅटरी बदलता येते का. जिथे वीज बऱ्यापैकी टिकते आणि दहा हात एकाच यंत्रावर काम करणार आहेत, अशा शाळेत किंवा वाचनालयात डेस्कटॉप बरा. त्याचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) जळला तर तालुक्याच्या गावात दुसरा मिळतो आणि बसवणाराही मिळतो. आणि कुठलंही यंत्र घ्या, अर्थिंग आधी तपासा.

आता विंडोजकडे येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि ठराविक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेली बहुतेक यंत्रं, चांगली चालत असूनही, अधिकृतपणे बाद ठरली. सुरक्षेचं कारण खोटं नाही, ते मी मानतो. पण शाळेच्या खोलीतला चालू संगणक अमेरिकेतल्या एका निर्णयाने भंगारात जावा, हे मला मान्य नाही. त्या यंत्रातली जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा, रॅम ४ ची ८ जीबी करा, वर लिनक्सची हलकी आवृत्ती टाका, आणि ते आणखी पाच वर्षं मुलांना शिकवील. केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअरवर सगळं संगणक-शिक्षण उभं केलं. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीने लाखो मुलांना पहिल्यांदा माऊस हातात दिला, हे तिचं मोठं काम. मात्र त्यातून संगणक म्हणजे विंडोज आणि वर्ड, अशी समजूतही घट्ट झाली.

लिनक्सचे भक्त या सभेत असतील तर त्यांनाही एक सांगायचं आहे. ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकाला लिनक्स घे असं सांगू नका. डिजिटल सहीचा डोंगल, जुना स्कॅनर, टॅली, सरकारी संकेतस्थळांचे हट्ट, यांत त्याचे दिवस जातील आणि लोक खिडकीबाहेर ताटकळतील. त्याला विंडोज द्या. शाळा, वाचनालय आणि ग्रामसभा यांना लिनक्स द्या.

ग्रामसभेचं नाव घेतलं ते विचारपूर्वक. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे आपल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावलाही सुमारे हजार हेक्टरवर तो मिळाला. बांबू आणि तेंदू आता अनेक ग्रामसभा स्वतः विकतात. तेंदूच्या ७० पानांचा एक पुडा, अशा १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, त्यावर कुटुंबागणिक मजुरी, बोनस, ठेकेदाराकडची बाकी, असा हा हिशेब पैशांचा आणि भांडणांचाही असतो. तो आज कुठे असतो? एखाद्या तरुणाच्या मोबाईलमध्ये, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंत, नाहीतर तालुक्याच्या डीटीपी सेंटरच्या संगणकावर.

जुन्या मराठी फाइलींचं काय झालं ते आठवा. कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांत आपण वर्षानुवर्षं टाइप केलं. त्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षरं रोमनच असत, वरून फक्त देवनागरीची चित्रं चढवलेली असत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे कितीतरी ठराव, अहवाल, स्मरणिका अशा अडकून पडल्या आहेत. युनिकोड आल्यावर प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि हे दुखणं पुढच्या फाइलींपुरतं संपलं. तेव्हा ग्रामसभेने आपला हिशेब युनिकोडमध्ये, लिबरऑफिससारख्या कुठेही मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवावा, त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक कागदावर असावी, आणि पासवर्ड एकट्या कोणाकडे नसावा. वनहक्क कागदावर मिळवायला लोकांनी केवढे कष्ट उपसले! त्या जंगलाचा हिशेब कोणाच्या तरी हरवलेल्या फोनबरोबर जाता कामा नये.

यंत्राचं म्हणणं मोठं की माणसाचं, या प्रश्नावर कायद्याचंही एक शहाणं मत आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की उपग्रहाची छायाचित्रं आणि इतर तंत्रज्ञान दावेदाराच्या पुराव्याला पूरक म्हणून वापरता येईल, त्याच्या जागी मात्र वापरता येणार नाही. म्हणजे उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही, एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांची साक्ष, जुनी विहीर, देवस्थान, स्मशान, हे सगळं पुरावा म्हणून उभं राहतं. ज्यांनी जीपीएस हातात घेऊन सीमा चालून पाहिली आहे त्यांना ही तरतूद किती मोलाची आहे ते माहीत आहे. दाट झाडीखाली जीपीएसचं माप कित्येक मीटरने सरकतं. शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद असेल तर तेवढ्या मीटरांत मोहाची झाडं येतात.

मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या संमतीने होतात, आणि त्याआधी अभ्यासगट बसतो. अभ्यासगट निर्णय घेत नाही, फक्त समजून घेतो. मला वाटतं, आपल्या संगणकाच्या वादांनाही असा अभ्यासगट हवा. गावात यंत्र यायच्या आधी आठवडाभर बसायचं. कोण वापरणार, बिघडलं तर कोणाकडे नेणार, वीज गेल्यावर काय करणार, कंपनीने आधार काढला तर पुढे काय, यातलं दर दिवशी एकेक घ्यायचं आणि नंतरच ग्रामसभेत विषय मांडायचा.

शेवटी गोंडीबद्दल. मसराम गोंडी लिपी २०१७ साली युनिकोडमध्ये आली आणि गुंजाळा गोंडी लिपी २०१८ साली. फॉन्टही मोफत मिळतात. धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तरी आपल्या बाजारात मिळणारा साधा मोबाईल हाती घेतला तर त्याच्या कीबोर्डवर गोंडी लिपी बहुधा सापडत नाही, आणि देवनागरीत गोंडी लिहायला बसलं की फोन प्रत्येक शब्द मराठी किंवा हिंदी समजून बदलू पाहतो. हे दुरुस्त करायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. गोंडी आणि माडिया शब्दांची शुद्ध, तपासलेली यादी लागते आणि ती कीबोर्डला शिकवणारे दोन-तीन तरुण लागतात. या सभागृहात संगणकशास्त्र शिकणारी मुलंमुली बसली आहेत. त्यांच्यातल्या ज्यांच्या घरी आजी गोंडी बोलते, त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला भेटावं. शब्द गोळा करण्याची वही मी सोबत आणली आहे.