झाडाच्या कपाळीचे बाशिंग



लग्नसराईच्या या दिवसांत 'बाशिंग' म्हटले की नवरदेवच डोळ्यांपुढे उभा राहतो. कोणी लग्नाला फार उतावळा झाला, तर त्याने गुडघ्याला बाशिंग बांधले, असे आपण थट्टेने म्हणतो. परंतु आज आम्ही ज्या बाशिंगाविषयी बोलणार आहो, ते झाडावर असते. शहाडहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघाले म्हणजे सह्याद्रीच्या रानात जुन्या झाडांच्या खोडांवर, कधी खडकांवरही, ते आढळते. ते एक नेचे आहे.

त्याला पाने दोन तऱ्हांची. काही लांब, हिरवी, पिसासारखी चिरलेली. ती पावसाळ्यात तरारतात आणि उन्हाळ्यात वाळून जातात. दुसरी आखूड, खोडाला लगटून उभी. ती लवकरच तपकिरी व कागदासारखी होतात, पण जागा सोडत नाहीत. त्यांच्या आड पालापाचोळा साठतो, कुजतो. त्या खतावर नि ओलाव्यावर मुळे पोसतात.

ही तपकिरी पाने युरोपातील ओक वृक्षाच्या पानांसारखी दिसतात. म्हणून लिनियसने १७५३ साली दिलेल्या नावात ओकपर्णी अशा अर्थाचा शब्द आला, आणि आजच्या 'ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया' या शास्त्रीय नावातही तो टिकून आहे. आमच्या रानातल्या माणसाने ओक कुठे पाहावा? त्याच्या ओळखीचे होते ते नवरदेवाच्या कपाळावरचे बाशिंग. कानडीतही नवरदेवाच्या या भूषणाला 'बासिंग'च म्हणतात. मंडपातला हा शब्द झाडावर चढला, तो केवळ रूपाच्या साम्याने.

आता कोणी म्हणेल, नावात काय आहे? आम्ही म्हणतो, पुष्कळ आहे. हे नाव ठाऊक नसलेला मनुष्य या नेच्याला बांडगूळ समजतो आणि झाड वाचवण्याच्या सद्‌हेतूने ते ओरबाडून टाकतो. वास्तविक बांडगूळ फांदीत मुळे खुपसून झाडाचा रस घेते. हे नेचे झाडाचा नुसता आधार घेते. नवरदेवाचे बाशिंग कपाळावर बसते, कपाळ पोखरीत नाही. हा भेद एका शब्दाने ध्यानात राहतो.

म्हणून आमचे एवढेच मागणे आहे. उन्हाळ्यात झाडावर ही वाळकी पाने दिसली, तर ती मेली असे समजून कोयता उचलू नका. मृगाचे पाणी पडू द्या. हिरवी पाने पुन्हा फुटतील. तेव्हा मुलांना ते झाड दाखवा आणि नाव सांगा : बाशिंग.