उकिरड्याचे दैव



आज आपण कचऱ्याविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून कोणी हसेल. म्हणेल, "कचऱ्यावर काय बोलायचं? केर काढला, बाहेर टाकला, झालं!" पण मंडळी, 'बाहेर' म्हणजे कुठे? एवढा एकच प्रश्न आज आपण स्वतःला विचारू.

आपल्यापैकी पुष्कळ जण खेड्यातून हिंगोली शहरात आले. कोणी सेनगावकडचे, कोणी कळमनुरीकडचे, कोणी औंढ्याचे. गावात घराघराचा उकिरडा असे. शेण, गोठ्यातला काडीकचरा, चुलीची राख, भाजीची देठे, सारे त्यात पडे. पावसाळ्याच्या आधी गाडी भरून ते खत शेतात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव फिरते, असे आपली म्हातारी माणसे म्हणत. खरे तर गावच्या उकिरड्याचे दैव दर वर्षीच फिरत असे. तेच खत खाऊन ज्वारी उभी राही.

शहरात काय झाले? दोन खोल्यांचे घर, अंगण नाही, शेत नाही, गोठा नाही. आणि कचराही बदलला. पूर्वी किराणा कागदाच्या पुडीत येई, दूध तांब्यात येई. आता दुधाची पिशवी, तेलाची पिशवी, शांपूची पुडी, लेकरांच्या खाऊची चकचकीत पुडी. हे प्लॅस्टिक कुजत नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, पण माती होत नाही. या उकिरड्याचे दैव बारा वर्षांनीच काय, नातवंडांच्या काळातही फिरणार नाही.

'बाहेर' म्हणजे कुठे?

काही पिशव्या नालीत जातात. नाली तुंबते, पाणी साचते, डास होतात. फुटके डबे आणि नारळाच्या करवंट्या यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यातही डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत त्याचे डास होतात. मग तापाने घर आजारी पडते आणि आठवड्याची मजुरी दवाखान्यात जाते.

पावसाचे पाणी नालीतला कचरा कयाधू नदीत नेते. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. तिथून पाणी प्राणहितेत, मग गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. आपल्या दारातली पुडी केवढा प्रवास करू शकते, बघा! याच कयाधूच्या काठी नरसी आहे, संत नामदेवांचे गाव. तिथे आपण हात जोडतो. मग त्या पाण्यात घाण कशी सोडायची?

काही पिशव्या गाय खाते. शिळी भाकर पिशवीत बांधून आपण रस्त्यावर टाकतो. गाईला गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. पिशवी पोटात साठत जाते. गाईचे पोट भरलेले दिसते आणि गाय मात्र उपाशी मरते. पुण्य करायला गेलो आणि काय झाले?

कोणी कचरा दारातच पेटवतो. प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो. तो आधी जातो शेजारच्या लेकराच्या छातीत.

बाकीचा कचरा गावाबाहेरच्या ढिगावर जातो. तिथे ओला कचरा दबून सडतो, त्यातून पेट घेणारा वायू निघतो. मुंबईत देवनारच्या ढिगाला २०१६ च्या जानेवारीत आग लागली, तेव्हा कित्येक दिवस धूर निघत होता. शाळासुद्धा बंद ठेवाव्या लागल्या.

आणि सर्वांत आधी हा कचरा जातो सफाई कामगाराच्या हातात. त्यात दाढीचे पाते असते, फुटकी काच असते, सुई असते. ते हात आपल्यासारखेच आहेत. ते कापले तर त्या घरची चूल थंड पडते. तेव्हा 'बाहेर' अशी जागा नाही, मंडळी. बाहेर कोणीतरी माणूस आहे, जनावर आहे, नदी आहे.

मग करायचे काय?

फार अवघड नाही. घरात तीन जागा करा. २०१६ साली सरकारने केलेल्या नियमांतही हेच तीन भाग सांगितले होते: ओला, सुका आणि घातक.

ओला कचरा म्हणजे कुजणारा. भाजीची देठे, साली, चहाची पत्ती, देवाची फुले.

सुका म्हणजे कागद, पुठ्ठा, पत्रा, बाटली, प्लॅस्टिक. दुधाची पिशवी कापताना तिचा कोपरा तोडून टाकू नका. कोपऱ्यासकट धुऊन वाळवा. सुका कचरा कोरडा राहिला तर भंगारवाला त्याचे पैसे देतो. ओल्यात कालवला की कवडीमोल होतो.

घातक म्हणजे सेल, ट्यूबलाइट, उरलेली औषधे, फवारणीचे डबे. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. ती फोडू नका. हे सारे वेगळे ठेवा आणि वेगळे म्हणून सांगूनच द्या. पाते आणि काच जाड कागदात गुंडाळा. बायकांचे पॅड आणि बाळाचे डायपर कागदात बांधून त्यावर लाल खूण करा. गाडीवरच्या माणसाला न उघडता कळले पाहिजे.

ओल्याचे खत

"आम्हाला अंगण नाही, खत कुठे करू?" असे आमच्या वर्गातल्या बाया विचारतात. उत्तर आहे: जुन्या बादलीत. तेलाचा रिकामा डबाही चालतो.

बादलीच्या बुडाला आणि बाजूला भोके पाडा. खाली वाळका पाला घाला. त्यावर ओला कचरा बारीक करून टाका. त्यावर मूठभर माती आणि पुन्हा पाला. मधून मधून थोडे आंबट ताक किंवा शेणपाणी शिंपडा. वर झाकण ठेवा. चार दिवसांनी काडीने खालीवर करा. वास आला तर समजा पाणी जास्त झाले, वाळका पाला घाला. मुंग्या लागल्या तर समजा फार कोरडे झाले, पाणी शिंपडा. हाडे आणि तेलकट अन्न घालू नका, उंदीर येतात. बादली भरली की दुसरी सुरू करा. दोन-तीन महिन्यांत पहिलीतले काळे, भुसभुशीत होते. त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. ते खत तुळशीला घाला, डब्यात मिरची, कोथिंबीर लावा. उरले तर गावाकडच्या हळदीच्या वाफ्याला न्या.

आता थोडे गणित करू. समजा, एका घरात रोज अर्धा किलो ओला कचरा होतो. वर्षाचे दिवस ३६५. म्हणजे १८२ किलो ५०० ग्रॅम. शंभर घरांचा झाला १८,२५० किलो, म्हणजे साडेएकशे ब्याऐंशी क्विंटल. एवढा माल आपली एक गल्ली फुकट सडवते!

आधी कमी, मग वेगळा

कचरा कमीच झाला तर त्याहून बरे. बाजाराला निघताना कापडी पिशवी घ्या. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायचे पेले, ताटे, चमचे यांवर देशभर बंदी आली. पण कायदा बाजारापर्यंत येतो, आपल्या हातापर्यंत आपणच आणायचा. जुन्या लुगड्यांची गोधडी आपल्या आज्या शिवत. नामदेव महाराजांचे घराणे शिंप्याचे. चिंधीची किंमत शिंप्याला विचारा! पंगतीला पत्रावळी आणि स्टीलचे पेले आणा. गल्लीने वर्गणी काढून शंभर पेले एकदाच घेतले, तर पुढची सगळी बारशी निघतील.

आणि एक गोष्ट बाप्यांनो, तुमच्यासाठी. हे काम एकट्या बाईचे नव्हे. खाणारे पाच आणि निवडणारी एक, हा न्याय नाही. संत गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. १९५६ साली ते गेले. बाबांची थोरवी खराट्याने कमी झाली का? उलट वाढली.

"पण गाडीत सगळं एकच होतं!"

हे आम्ही कित्येकदा ऐकतो. "आम्ही वेगळं करतो, गाडीवाला एकत्र ओततो. मग कशाला करायचं?" तक्रार खोटी नाही. कुठे कुठे असे घडते. पण म्हणून हात टेकू नका. ओल्याचे खत घरात केले आणि सुके भंगारात दिले, तर गाडीत ओतायला उरेल किती? बाकीच्यासाठी अर्ज करा.

होय, अर्ज. आता आपल्याला लिहिता येते. हा पाठ संपल्यावर वहीत एवढे लिहा:

"मा. मुख्याधिकारी, नगर परिषद, यांस. आमच्या गल्लीतील घरे ओला व सुका कचरा वेगळा देतात. घंटागाडीत दोन्हीसाठी वेगळे कप्पे असावेत व कामगारांस हातमोजे मिळावेत, ही विनंती."

खाली तारीख घाला. अंगठा नको, सही करा. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. एक प्रत आपल्याजवळ ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या.

असे होऊ शकते का? कोकणात वेंगुर्ला नावाचे लहान शहर आहे. तिथल्या लोकांनी आणि नगर परिषदेने कचरा घरोघरी वेगळा केला. ओल्यापासून गॅस केला, प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरात वापरले. जिथे कचऱ्याचा ढीग होता ती जागा आज लोक मुद्दाम पाहायला जातात. वेंगुर्ल्याची माणसे आपल्यासारखीच आहेत.

तेव्हा मंडळी, आज घरी जाऊन एकच काम करा. एक जुनी बादली शोधा आणि तिला भोके पाडा. पुढच्या आठवड्यात वर्गाला येताना सांगा, बादलीत काय काय पडले. आणि सह्यांचा कागद विसरू नका.