मुका ‘के’



आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू होई. शाळा तालुक्याच्या गावातली. एके दिवशी सरांनी मला उभं करून धडा वाचायला सांगितला. त्यात गुडघ्यासाठीचा शब्द आला. स्पेलिंग के, एन, डबल ई. मी जे दिसलं ते वाचलं, ‘क्नी’. सगळा वर्ग खो खो हसला. सरही हसले. म्हणाले, “अरे, हा के मुका असतो. नी म्हण.” मी विचारलं, “सर, का मुका असतो?” उत्तरादाखल तास संपेपर्यंत बाकावर उभं राहावं लागलं. मधल्या सुट्टीत माझं नाव ‘क्नी’ पडलं, ते दहावीपर्यंत टिकलं. पुढची दोन वर्षं इंग्रजीच्या तासाला मी हात वर केला नाही.

पुढे मी स्वतःच इंग्रजीचा शिक्षक झालो आणि त्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. हा के जन्मतः मुका नाही! जुन्या इंग्रजीत तो चांगला खणखणीत बोलायचा. गुडघा म्हणजे नी, सुरी म्हणजे नाइफ, गाठ म्हणजे नॉट, विणणं म्हणजे निट, कणीक मळणं म्हणजे नीड. या सगळ्या शब्दांत लोक ‘क्न’ असाच उच्चार करत. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केला. पुढे हळूहळू छापील स्पेलिंग ठरून गेली. मग १७व्या शतकात इंग्रजांच्या जिभेला ‘क्न’ जड वाटू लागला आणि के गळाला. बोलणं बदललं, कागदावरचं तसंच राहिलं. जर्मन माणूस मात्र गुडघ्याला आजही ‘क्नी’च म्हणतो. म्हणजे ज्या उच्चारासाठी मी बाकावर उभा राहिलो, त्यासाठी बर्लिनमध्ये मला कोणी हसलं नसतं.

या कुटुंबातल्या दोन भावंडांची गोष्ट तर मोठी गमतीची आहे. एक नाइट आणि दुसरा नेव्ह. जुन्या इंग्रजीत दोघांचाही अर्थ पोरगा, हाताखालचा पोऱ्या. त्यातला नाइट राजाच्या पदरी राहिला, घोड्यावर बसला आणि सरदार झाला. नेव्ह नोकरच राहिला आणि पुढे त्या शब्दाला लबाड, लुच्चा असा अर्थ चिकटला. पत्त्यांतल्या गुलामालाही इंग्रजीत नेव्ह म्हणतात. सुरुवात एकच, पण एकाला मान मिळाला, दुसऱ्याला शिवी.

आता आपल्या घरात येऊ. १७८६ मध्ये कलकत्त्याला सर विल्यम जोन्स यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून आलेल्या असाव्यात. पुढे १८२२ मध्ये याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने व्यंजनांच्या बदलाचे नियम मांडले. मूळचा ‘ग’ इंग्रजी आणि जर्मनच्या घराण्यात ‘क’ झाला, हा त्यातलाच एक. त्याच मूळ ‘ग’चा संस्कृतात या शब्दांमध्ये ‘ज’ झाला. म्हणून इंग्रजीतला नी आणि संस्कृतातला जानु हे सख्खे नातेवाईक. आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. त्यातला जानु हाच. आणि ‘माहीत असणं’ या अर्थाचा नो? के, एन, ओ, डब्ल्यू. तो आपल्या ‘ज्ञा’ धातूचा भाऊ. आपलं ज्ञान आणि आपलं जाणणं त्याच घरातलं.

आणि गंमत पाहा. ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. पण ज्ञानेश्वर म्हणताना आपण ‘द्न्या’ असा उच्चार करतो. हिंदी माणूस ‘ग्या’ म्हणतो, गुजराती ‘ग्ना’. लिहिल्याप्रमाणे आपण कोणीच बोलत नाही. आपल्याला कोणी बाकावर उभं करत नाही, एवढंच.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी माझ्या वर्गात एका मुलीने नाइफला ‘क्नाइफ’ म्हटलं. वर्ग हसला. खरं सांगतो, क्षणभर माझ्याही ओठांवर हसू आलं. मग मी तिला म्हटलं, “बाळ, तू चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी वाचलंस. आता आजचं वाच.” ती ‘नाइफ’ म्हणाली आणि लगेच विचारलं, “पण सर, मग तो के काढून का टाकत नाहीत?” मी तो सगळा तास तिच्या प्रश्नाला दिला. दुसऱ्या दिवशी पहिला हात तिचाच वर होता.

श्रोतेहो, राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आली. आता घरोघरी सहा वर्षांची मुलं ही स्पेलिंग वाचत असतात. तुमच्या घरातलं एखादं मूल उद्या ‘क्नी’ म्हणालं, तर त्याला योग्य उच्चार जरूर शिकवा. पण हसू नका. त्याने लिहिलेलं अक्षर प्रामाणिकपणे वाचलेलं असतं. एक अक्षर मुकं झालं तर भाषेचं फारसं बिघडत नाही. मूल मुकं झालं तर मात्र बिघडतं.