स्नायूंची आखडण आणि हालचालीचे औषध

(देवस्थानच्या मेळाव्यातील भाषणाचा संक्षेप)



आपल्या पांढुर्णा-सौंसरकडील भाविक महाशिवरात्रीला पचमढीच्या महादेवास जातात, खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात आणि घरी परतल्यावर दोन दिवस भिंतीला धरून जिना उतरतात. नवल असे की, धाप लागते ती चढताना, मांड्या मात्र दुखतात त्या उतरण्याने. उतरताना मांडीचा पुढील स्नायू देहाचा भार तोलून धरीत असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. सवय नसता असे श्रम घडले म्हणजे स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते. ठणका दुसऱ्या दिवशी वाढतो, २४ ते ७२ तासांत शिगेस पोहोचतो आणि आठवडाभरात ओसरतो. थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ साली या उशिरा येणाऱ्या दुखण्याचे वर्णन केले. पुढे ‘लॅक्टिक आम्ल साचते म्हणून अंग दुखते’ ही समजूत रूढ झाली व ती आजही व्यायामशाळांतून ऐकू येते. वस्तुतः ते आम्ल श्रम थांबल्यावर तासाभरातच निवळते; दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा ठपका त्याच्यावर ठेवणे न्यायाचे नाही. एकदा असे श्रम सोसलेला स्नायू पुढच्या खेपेस कमी दुखतो. तेव्हा यात्रेपूर्वी दोन-तीन आठवडे एखादी टेकडी चढण्याबरोबर सावकाश उतरण्याचाही सराव करावा.

आखडण्याचे प्रकरण निराळे. संत्र्याची तोडणी करणाऱ्याची मान, कापूस वेचणाऱ्या बाईची कंबर आणि दिवसभर गादीवर बसलेल्या दुकानदाराची पाठ, तिन्ही सायंकाळी आखडतात. ‘नस आखूड झाली’ असे आपण म्हणतो, पण स्नायू आखूड झालेलाच असतो असे नाही. स्नायूंत ताणाची वर्दी देणारी सूक्ष्म ज्ञानेंद्रिये असतात. त्या वर्दीवरून मज्जारज्जू आणि मेंदू स्नायू किती आवळावा हे ठरवितात. दुखऱ्या भागाभोवती हा पहारा कडक होतो. काही आठवडे नियमित ताण दिल्याने अंग लवचिक होते, ते बव्हंशी ताण सहन करण्याची शक्ती वाढल्यामुळे. म्हणून पाठ तुडवून घेऊन किंवा झटका देऊन ‘मोकळी’ करण्याचा हट्ट मला रुचत नाही. तेलाने चोळल्यास बरे वाटते, अवश्य चोळावे. मात्र त्यानंतर थोडे चालावे.

कंबर धरली की घरातील वडीलधारी मंडळी मायेपोटी खाट धरावयास लावतात. तेथेच नुकसान होते. हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेल्या व १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झेपेल तेवढे नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर बरे झाले. दोन दिवस अंथरुणावर राहिलेले सर्वांत सावकाश. विशेष व्यायाम सांगितलेलेही पहिल्या गटाच्या मागेच राहिले, हे आम्हा व्यायामप्रेमींनी लक्षात ठेवण्यासारखे आहे! दुखणे ओसरल्यावर मात्र व्यायाम हवाच. औंधच्या पंतप्रतिनिधींनी प्रचार केलेले सूर्यनमस्कार घरोघरी ठाऊक आहेत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासून आपल्या शेजारी आहे. जामसावळीचा मारुती पहुडलेला आहे, हे खरे. पण ती मुभा त्याची, उपासकांची नव्हे.

काही दुखण्यांना मात्र घरगुती उपाय करीत बसू नये. कंबरदुखीबरोबर पायातील शक्ती जाऊ लागली, जांघेजवळ बधिरता आली, लघवी अडली वा नकळत होऊ लागली, किंवा अतिश्रमानंतर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.