वन्यजीव व्यवस्थापन : एक वेगळी वाट

(गणेशोत्सवातील विद्यार्थी-पालक मार्गदर्शन कार्यक्रमात दिलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून इंजिनिअरिंग, मेडिकल, बँक आणि भिलाई स्टील प्लांट हीच नावे ऐकू येतात. एखादी मुलगी 'मला जंगलात काम करायचे आहे' म्हणाली, की सगळे एकमेकांकडे बघू लागतात. "त्यात पुढे काय?" हा आई-वडिलांचा प्रश्न रास्तच आहे. पण त्याचे उत्तर माहिती घेऊन द्यावे, एवढ्यासाठी हा विषय निवडला.

हे काम म्हणजे जीपमधून वाघ बघत फिरणे नव्हे. आपल्याच राज्याचे उदाहरण घेऊ. छत्तीसगढचा राज्यपशू रानम्हैस, इकडच्या बोलीत वनभैंसा. २००० नंतरच्या दशकात गरियाबंद जिल्ह्यातील उदंतीत रानम्हशींची संख्या एक आकड्यावर आली आणि त्यांत मादी एकच उरली. शिकार हे एक कारण झाले. पण गावच्या गुरांपासून येणारे रोग, पाळीव म्हशींशी होणारा संकर आणि कमी होणारी कुरणे हीही कारणे होती. आता सांगा, नुसता पहारा ठेवून हे थांबेल का? इथे गावातील गुरांचे लसीकरण करणारा पशुवैद्य हवा, आनुवंशशास्त्र जाणणारा हवा, गवत ओळखणारा हवा आणि गावकऱ्यांशी बोलणारा तर हवाच हवा. पुढे आसामच्या मानस उद्यानातून २०२० मध्ये आणि २०२३ मध्ये रानम्हशी बारनवापारात आणल्या गेल्या. तिकडच्या आणि इकडच्या म्हशींचा संकर करावा का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. असे निर्णय घेण्यासाठीच हे शिक्षण आहे.

दुसरे उदाहरण हत्तींचे. आपण गजाननाची पूजा करतो. पण रात्री भाताच्या शेतात हत्तींचा कळप शिरला तर त्या शेतकऱ्याला काय वाटत असेल? लेमरू हत्ती राखीव क्षेत्र २०२१ मध्ये अधिसूचित झाले. तरी कळप रेषा पाहून चालत नाहीत. गावाला वेळेत सूचना देणे, नुकसानभरपाईचा कागद अडू न देणे, संतापलेल्या लोकांसमोर शांतपणे उभे राहणे, हाही वन्यजीव व्यवस्थापनाचाच भाग आहे.

आता मार्ग पाहू. पहिला, भारतीय वन सेवा. परीक्षा संघ लोकसेवा आयोगाची. २०१३ पासून पूर्वपरीक्षा नागरी सेवेबरोबर एकत्र होते. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्रच हवे असे नाही. गणित, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र, कृषी, वानिकी, पशुवैद्यक किंवा इंजिनिअरिंगची पदवीही चालते. मात्र पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर आणि महिलांना १४ किलोमीटर चालून दाखवावे लागते. प्रशिक्षण डेहराडूनला. दुसरा, राज्य लोकसेवा आयोगामार्फत सहायक वनसंरक्षक किंवा रेंजर. तिसरा, संशोधनाचा. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची स्थापना १९८२ ची. तिथे वन्यजीव विज्ञानाची एम.एस्सी. १९८८ मध्ये सुरू झाली. जागा मोजक्या, स्पर्धा कडक. बंगळूरुच्या एनसीबीएसमध्येही असा अभ्यासक्रम आहे. जवळचे म्हणाल तर बिलासपूरच्या गुरु घासीदास विद्यापीठात वानिकी आणि वन्यजीवांचा विभाग आहे, दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि महाराष्ट्रात दापोली व अकोल्याला वानिकी महाविद्यालये आहेत.

मराठी माणसाला ही वाट अगदीच अनोळखी नाही. सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांनी कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथे नोकरी केली. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. पदवीवर न थांबता ते आदिवासींकडून, गावच्या जाणत्यांकडून पक्ष्यांची आणि झाडांची नावे शिकत राहिले. आपल्या मुलांना इथे एक फायदा आहे. हिंदी-छत्तीसगढी त्यांना येतेच, आणि बस्तरच्या हलबीत मराठीची छटा असल्याने ती कानाला परकी वाटत नाही. ज्याला गावाची भाषा येते, त्याला जंगलाची अर्धी माहिती गावातच मिळते.

पालकांनी अडचणीही समजून घ्याव्यात. बदल्या होतात, घर दूर राहते, मलेरियाची भीती असते, उन्हाळ्यात वणव्यामागे धावावे लागते. संशोधन प्रकल्पांतील नोकऱ्या बहुधा ठराविक मुदतीच्या असतात. म्हणून हाताशी भक्कम मूळ पदवी असावी. संख्याशास्त्र आणि नकाशाशास्त्र शिकून घ्यावे, ते कुठेही उपयोगी पडते.

माझी विनंती एवढीच, की होकार किंवा नकार देण्याआधी मुलाला बारनवापाराला घेऊन जा. सफारी झाली की लगेच परत फिरू नका. तिथल्या वनरक्षकाशी तासभर बोलू द्या, त्याचा दिवस कसा जातो ते विचारू द्या. ते ऐकूनही मुलाचा उत्साह टिकला, तर त्याला अडवू नका. ही जंगले आपल्याही राज्याची आहेत; ती सांभाळणाऱ्यांत आपल्या घरची मुले असावीत.

गणपती बाप्पा मोरया!