धंदा कुणासाठी?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मुलांनी नवा धंदा काढताना नफ्यापलीकडे काय पाहावे, असा विषय समितीने मला दिला आहे. विषय चांगला आहे. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. नफ्याला नाक मुरडण्याची ऐपत आपली अजून नाही. ज्यांच्या घरी चार पिढ्या गल्ला होता त्यांनी पैशाला तुच्छ म्हणावं. आपल्या घरी गल्ला आला तोच मुळी काल-परवा.

बाबासाहेब अमेरिकेहून अर्थशास्त्र शिकून आले आणि १९१८ च्या सुमारास त्यांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं, तसं गिऱ्हाईक येईनासं झालं आणि तो बंद करावा लागला. सल्ला चुकला म्हणून नव्हे! म्हणून जुन्या जालन्यात आपल्या एखाद्या पोराने दुकानाचं शटर वर केलं की मला आनंदच होतो. त्याने चार पैसे कमवावेत, घर बांधावं, पोरीला डॉक्टर करावं. यात पाप काही नाही. बुद्धांनी कोलिय कुळातल्या दीघजाणूला गृहस्थाचं सुख सांगितलं, तेव्हा कष्टाने मिळवणं आणि मिळवलेलं राखणं हेच आधी सांगितलं.

मग अडचण कुठे आहे? कोणालाही विचारा, धंदा कशासाठी काढला? उत्तर ठरलेलं: पैसा आला की समाजाला देईन, विहाराला दान करीन. दान जरूर करा, समिती पावती फाडायला तयारच आहे. पण दान हा नफ्याचा उपयोग झाला. धंद्याचा उद्देश वेगळा. दिवसभर दुकानात काय विकलं, कोणाला, कोणत्या भावाने, हे दानाने धुऊन निघत नाही. चौदा एप्रिलला सर्वांत मोठी वर्गणी दारूच्या दुकानातून यावी आणि त्याच दुकानापायी आपल्याच गल्लीतली चूल विझावी, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष, हे पाच व्यापार बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितले. (विषात फवारणीचं औषध धरायचं की नाही, हे भंतेजींनी सांगावं. कृषी सेवा केंद्र काढू पाहणारे दोघे-तिघे इथे बसले आहेत.)

पण वर्ज्य काय ते कळल्याने करायचं काय ते कळत नाही. उद्देश डोकं धरून बसून सापडत नसतो. आपल्याला माहीत असलेल्या अडचणीत तो सापडतो. आपल्या गावचंच उदाहरण घ्या. जालना म्हणजे सोने का पालना, असं म्हणत आलो. ते सोनं मोंढ्यातलं, व्यापाऱ्यांचं. शेतकऱ्याची अडचण मात्र बियाण्याची होती. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडायच्या आणि पीक हातचं जायचं. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने या रोगाला दाद न देणारी पुसा सावनी ही जात काढली होती. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले स्वतः शेती करणारे. त्यांनी या भेंडीचं बी वाढवलं, विकलं आणि १९६४ साली महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे आपली महिको, सुरू केली. चांगलं वाण प्रयोगशाळेत पडून होतं आणि शेतकरी बांधावर बसून होता. मधली वाट कोणी बांधायची, हा प्रश्न होता. ती वाट बांधणं हाच धंदा झाला, नफाही त्यातूनच आला. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये ते वारले.

पण गोष्ट इथेच सोडली तर ती अर्धी राहील. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, घरचं ठेवून चालत नाही. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यात महिकोबरोबर मोन्सॅन्टो ही अमेरिकन कंपनी होती. ४५० ग्रॅमच्या पिशवीला १,६०० रुपयांच्या आसपास मोजावे लागत. आंध्र सरकार मक्तेदारी आयोगापुढे गेलं, तेव्हा २००६ मध्ये भाव ७५० च्या घरात आला. आणि दुसरं. संकरित कापसाचं बी तयार करायचं म्हणजे संध्याकाळी कळीतले पुंकेसर हाताने काढायचे, सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे. एकेका फुलाला, एकेका झाडाला. हे काम बहुतेक बायाच करतात. शेतकऱ्याला बी मिळालं हे खरं. ज्या बाईची बोटं त्या फुलावर झिजली तिला काय मिळालं, हेही विचारायला नको का? सुरुवातीला उद्देश चांगला असला म्हणजे तो पुढे आपोआप टिकतो असं नाही. त्याची राखण करावी लागते, शेतासारखी.

या बाजूने पाहिलं तर मला कल्पनाताई सरोज यांचं काम मोठं वाटतं. अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याची आपली मुलगी, बालपणी लग्न झालेली, मुंबईत शिवणकाम करून उभी राहिलेली. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज ही कंपनी १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कामगारांच्या हाती आली होती, पण पुढे ती बंद पडली, डोक्यावर कर्ज आणि पगार थकलेले. ते कामगार ताईंकडे गेले. २००६ मध्ये त्या अध्यक्ष झाल्या. नफा हिशेबात यायच्या आधी कामगारांची थकबाकी आणि बँकांचं देणं होतं. ते चुकतं करूनच कंपनी उभी राहिली. २०१३ ला त्यांना पद्मश्री मिळाली.

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या गोष्टी आम्हाला काय कामाच्या? मग लहान सांगतो. ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान घ्या. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणीचा अर्ज. एक रकाना चुकला तर पोराचं वर्ष जातं. शिकलेल्या मुलाने भिंतीवर दराचा फलक लावला, पावती दिली, अर्ज नामंजूर का झाला ते आईबापाला बसवून समजावलं, तर ते दुकान चालेलही आणि वस्तीच्या उपयोगीही पडेल. त्यासाठी वेगळ्या समाजकार्याची गरज नाही. दर फुकट ठेवू नका. फुकटाचं दुकान सहा महिन्यांत बंद होतं आणि मग अडलेल्याने जावं कुठे?

तुमच्यातले काही जण बँकेत कर्जासाठी जाणार आहेत. जाण्याआधी एका कागदावर एवढंच लिहा, की माझा धंदा उद्या बंद पडला तर माझ्या घराशिवाय आणखी कोणाचं काय अडेल? कागद कोरा राहिला तरी आणा. रविवारी वंदना झाल्यावर मी इथेच असतो. बसून बोलू.

जयभीम! नमो बुद्धाय!